ब्रॉन टलकचं 'जरासं'

ब्रॉन टलक खोटं बोलत नाही. वीस वर्षं तिच्या दारात टपाल पोचवतोय, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगतो. तिची खोड वेगळीच आहे, मोठी गोष्ट बारीक करून सांगायची. तशी ती इथल्या आम्हा सगळ्यांनाच आहे, पण ब्रॉनने कळस गाठलाय. सेहेचाळीस डिग्रीला ती 'जरासं गरम' म्हणते. शेजारचं घर साठ किलोमीटरवर, ते 'जवळच'. घोड्याने लाथ घालून हात मोडला, तेव्हा हात गळ्यात अडकवून मला चहा करून देत होती. म्हणे, "डेस, जरासं ठणकतंय रे."

अशा बाईने जर्मनी-फ्रान्समधल्या मुलींच्या फोनवर मुलाखती घेतल्या तर दुसरं काय होणार? ऑस्ट्रेलियात, लाँगरीच गावाच्या पश्चिमेला त्यांचं गुरांचं रान. राबणारे दोघंच, ती आणि नवरा नील. पिपा आठ वर्षांची, हॅमिश सहाचा. शाळा कॉम्प्युटरवर. बाई शिकवणार चारशे किलोमीटरवरून, पण पोरांशेजारी मोठं माणूस बसायला हवं, नाहीतर हॅमिश खिडकीतून पसार. म्हणून ऑ पेअर, म्हणजे परदेशातली तरुण मुलगी, ठेवायची. घरच्यासारखं राहायचं, जेवायचं, पोरं सांभाळायची आणि आठवड्याचा पगार घ्यायचा.

पण टिकेल तर शपथ! मंगळवारी माझ्या टपालगाडीतून हसत यायच्या आणि दोन-तीन शुक्रवार उलटले की त्याच गाडीतून नाक पुसत परत. अशा चौघी गेल्या. एकीने संडासात बेडूक पाहिला आणि थेट बॅगच भरली. दुसरीला ब्रॉनने सांगितलं होतं, गाव रस्त्याच्या टोकालाच आहे. आहेच की! टोक एकशे ऐंशी किलोमीटरवर आहे, एवढंच.

चौथी गेली तेव्हा नीलने बजावलं, "आता पुढचीही गेली तर निदान पिपाला तरी शाळेसाठी गावातल्या हॉस्टेलवर ठेवू. इलाज नाही." ब्रॉन मला एवढंच म्हणाली, "घर जरासं सुनं वाटेल." मी गाडी सुरू केली आणि फाटक ओलांडेपर्यंत तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. अगं बाई, रड की जरा!

पाचवी आली फेन्या. जर्मनीतल्या ब्रेमेनची, एकोणीस वर्षांची, उंच, मोठ्याने हसणारी. बेडकांना तिने नावं ठेवली, बारशाची नावं. हॅमिशला खुर्चीत बसवलं. पिपा तर तिच्या मागे-मागेच. मी निर्धास्त झालो.

आणि चौथ्या शुक्रवारी फाटकापाशी बॅग. फेन्याचे डोळे सुजलेले. पिपा व्हरांड्यात पाठ करून बसलेली. ब्रॉन हात बांधून उभी.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मी ब्रॉनला आवडत नाही," फेन्या म्हणाली. "केक केला, म्हणाली, वाईट नाही. हॅमिश वाचायला लागला, तरी वाईट नाही. महिनाभर हेच. नको असलेल्या घरात कशाला राहू?"

मला हसू आवरेना. "पोरी, नीलने लग्नाचं विचारलं तेव्हाही ही बया हेच म्हणाली होती! 'कल्पना वाईट नाही.' आमच्याकडे कौतुकाला याहून मोठा शब्दच नाही."

फेन्याने ब्रॉनकडे पाहिलं. ब्रॉन जमिनीकडे बघत राहिली.

"थांबव ना तिला," मी म्हटलं.

"तिला घरी जावंसं वाटत असेल, तर मी कोण अडवणारी? बळजबरी बरी नाही दिसत."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "बरी नाही दिसत? मग हॉस्टेलच्या दारात पिपाला सोडताना काय बरं दिसणार आहे? बोल ब्रॉन! मी दर वेळी तुझ्या बोलण्याचा अर्थ सांगत फिरायचं का?"

मी इंजिन बंद केलं. एवढं सोपं वाक्य काढायला तिला वासरू ओढून काढण्यापेक्षा जास्त जोर लागत होता.

"फेन्या," ती म्हणाली, "तू गेलीस तर माझी पिपा जाईल. त्या विचाराने मला घास गिळवत नाही. पण ते सोड. पिपा नसती ना, तरी तू मला हवी होतीस. तू आल्यापासून संध्याकाळी घरी यावंसं वाटतं. जाऊ नकोस गं."

बोलून झाल्यावर ती लालबुंद झाली होती. नील हे ऐकायला हवा होता, असं मला फार वाटलं.

फेन्या रडत होती की हसत होती, देव जाणे. बॅगेला मात्र तिने हात लावला नाही. ती ब्रॉननेच उचलली आणि मागे न बघता घराकडे चालायला लागली.