लाल लाकडाचा पेला

कोरक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लाकडाचे पेले हाताने कोरतो म्हणून गल्लीने ठेवलेलं ते नाव, आणि त्यानेही ते मुकाट्याने लावून घेतलं होतं. यंत्रावर फिरवलेला पेला कुणी दाखवला की हा नाक मुरडायचा. तोंडाने फटकळ, पण हातात कला होती, ती कुणी नाकारू नये. लाकडाचा ठोकळा शिकंज्यात आवळायचा, गोल पटाशीने त्याचं पोट पोखरायचं, मग वाकड्या सुरीने आतून इतकं पातळ तासायचं की काठ दिव्यापुढे धरला तर लाकडातून उजेड तांबूस दिसावा. घरामागच्या एका खिडकीच्या खोलीत हे सगळं चालायचं. भुसा आणि छिलके मात्र अंथरुणापर्यंत पोचायचे, आणि त्यावरून बायको रोज बोलायची.

एकदा फर्निचरवाल्याने त्याला एक उरलेला तुकडा दिला. गर्द लाल, आणि त्यात शाई ओघळल्यासारख्या काळ्या रेघा. कुठल्या झाडाचं लाकूड म्हणून विचारलं, तर फर्निचरवाल्याने खांदे उडवले. कोरक्या त्या रेघांवर असा भाळला की हातातलं अक्रोडाचं काम बाजूला टाकून त्याने ते लाल लाकूडच हाती धरलं. संध्याकाळपर्यंत त्याची मनगटं लाल झाली, कानामागे खाज सुटली. आता ह्या कामात उमेदवारी केलेल्या पोरालाही ठाऊक असतं, की हाताला चावणारं लाकूड ओठाला लावायचं नाही. उस्तादाने त्याला हेच आधी शिकवलं होतं, आणि पुढे हा स्वतः बोट नाचवून दुसऱ्यांना शिकवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाह्या मनगटापर्यंत ओढून त्याने पेला पुरा केला, तेल पाजलं, आणि खिडकीत वाळत ठेवला.

तिथे तो भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकिणीने पाहिला. ती आली होती दुसऱ्याच कामाला. "असा संच करून द्या," ती म्हणाली. "दर्शनी काचेत मांडते, आणि खाली तुमचं नाव लिहिते. पूर्ण नाव." बिचाऱ्याचं नाव आजवर कुठे लिहिलं गेलं नव्हतं. ह्या लाकडाचे पेले पिण्याचे नव्हेत, एवढं एक वाक्य बोलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तो "बघतो," एवढंच म्हणाला.

मग मनाची समजूत घालणं सुरू झालं. तेल पाजल्यावर कदाचित चावत नसेल. कदाचित आपलीच कातडी नाजूक असेल. दुसऱ्या कुणी त्यातून प्यायल्याशिवाय कळणार कसं? तेवढ्यात बायकोने कौतुकाने तो पेला उचलला आणि त्यात चहा ओतायला गेली, तर ह्याने झडप घालून काढून घेतला. "गिऱ्हाइकाचा आहे तो," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी तोच पेला कागदात गुंडाळून निघाला ताईकडे.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिवणयंत्रावर शर्टांची काजं करायची. एवढे पेले कोरले ह्या माणसाने, पण बहिणीला आजवर एक दिला नव्हता. तिनेही कधी मागितला नव्हता. कागद सोडला तशी ती नुसती बघतच राहिली. "माझ्यासाठी? खास?" तिने विचारलं, आणि ह्याने मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

त्यानंतर तो एक दिवसाआड तिच्याकडे जायला लागला. तिला वाटलं, भावाला म्हातारपणी माया फुटली. तो आला की ती यंत्र थांबवायची, चांगली खुर्ची पुढे करायची, आणि त्याच्यासमोर त्याच पेल्यातून चहा प्यायची. हा बघत असायचा तिचे ओठ. आधी नुसते कोरडे पडले. मग कडेने लाल झाले, फुगले, चिरले. "उष्णता झाली असेल," ती म्हणायची, आणि सुजलेल्या ओठाने पुन्हा पेला तोंडाला लावायची.

आता ऐका ह्या शहाण्याने काय केलं. उत्तर मिळालं तसा तो त्याच संध्याकाळी दुकानात गेला आणि मालकिणीला म्हणाला, "ते लाकूड पिण्याच्या कामाचं नाही, संच होणार नाही." ती म्हणाली, "बरं झालं आधीच सांगितलंत, प्रामाणिक आहात." दुकानाच्या गिऱ्हाइकांचे ओठ वाचले. ताईला मात्र त्याने सांगितलं नाही, कारण तिला सांगायचं म्हणजे का दिला तेही सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू करत तो टाळत राहिला, आणि ती पीत राहिली.

शेवटी एके दुपारी तिच्या ओठातून रक्त आलेलं त्याने पाहिलं. मग मात्र त्याला राहवेना.

"ताई, तो पेला दे. परत नेतो."

"दिलेली वस्तू परत नेतात होय रे? मी मेल्यावर ने."

"त्याचं लाकूड वाईट आहे. तुझे ओठ त्यानेच सुजलेत."

ती हसली. "काहीतरीच तुझं. लाकूड काय चावतं?"

त्याने बाह्या वर केल्या. मनगटांवर वाळलेल्या खपल्या होत्या. "अगं बाई," म्हणत तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, "ह्याला काही लावलंस का?" खपल्यांवरून बोट फिरवता फिरवता ती थांबली.

"हे कधी झालं?"

खोटं बोलायला इथे जागा होती. पण तिच्या मांडीवर हात असताना त्याच्याने तसं बोलवेना. "कोरताना."

"म्हणजे मला द्यायच्या आधी."

"हो."

"आणि तुझ्या बायकोला?"

"तिला मी हात लावू दिला नाही."

ताईने त्याचा हात मांडीवरून उचलून अलगद त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "म्हणजे मला पाजून बघितलंस," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, काजाचं माप सांगावं तशी. तिने चार शिव्या घातल्या असत्या, पेला खिडकीबाहेर भिरकावला असता, तर ह्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. तिने पेला धुतला, फडक्याने कोरडा केला, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

"माझं चुकलं, ताई," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि यंत्रावर जाऊन बसली.

तो बाहेर पडला. एक जिना उतरला असेल नसेल, वर शेजारणीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"भाऊ आले होते वाटतं? अहो, आज माझ्या सुनेला तो पेला दाखवणार होतात ना?"

यंत्र थांबलं. ताई दाराशी आलेली ऐकू आली.

"नेला त्याने," ताई म्हणाली. "काठ जरासा लागतो म्हणाले मी, तर ऐकेचना. आत्ता घासून आणतो म्हणाला. लहानपणापासून असाच आहे तो, मला जरा दुखलेलं त्याला सहन होत नाही."

"नशीब लागतं हो असा भाऊ मिळायला," शेजारीण म्हणाली.

"लागतं," ताई म्हणाली.

कोरक्या कठड्याला धरून उभा होता. वर जाऊन तिचे पाय धरावेत असं त्याला फार वाटलं, पण तसं केलं तर शेजारणीसमोर ताईच खोटी पडली असती. वरची दोन्ही दारं लागेपर्यंत तो पेला छातीशी धरून तिथेच थांबला, आणि मग पायांचा आवाज होऊ न देता खाली उतरला.