बंदराचं फाटक

अकोल्याच्या मालधक्क्यावर माझे वडील डब्यांवर खडूनं ठिकाण लिहीत. पूर्वेकडच्या खाणींतला कोळसा मुंबईच्या बंदराला जायचा. वाटेत पावसानं नाव पुसलं, की बाबा ते पुन्हा लिहायचे आणि ‘बंदर’मधल्या ‘ब’ला उगाच एक शेपटी काढायचे. आम्ही विचारायचो, "बाबा, हे गाडी कुठं चालली?"

"बोटीवर. तिथून विलायतेले."

खरं-खोटं देव जाणे. त्यांनी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. रेल्वेचा फुकट पास दरवर्षी मिळे आणि दरवर्षी कुणाच्या तरी लग्नात खर्ची पडे. आईकडची माणसं काही लग्नं करायची थांबेनात. बाबा कुरकुरले की आई म्हणे, "पाणी पाहाची एवढी हौस हाय, त आधी विहिरीवरून दोन घागरी आना."

मी नववीत होते त्या वर्षी कुणाचंच लग्न निघालं नाही. आम्ही मुंबईचं बंदर पाहायला निघालो.

"आत जायाले परवानगी लागत असंन," आई म्हणाली.

"कायची परवानगी? रूळ एकच हाय. माहं अक्षर जाते तिथं मले कोन अडवते?"

फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. बाबांनी ऐटीत पास काढला. त्यानं तो वाचून परत दिला. "हा रेल्वेचा. इथून पुढचे रूळ बंदराचे. इकडे चालत नाही."

आयुष्यभर ज्या रुळांच्या काठी उभे राहिले, ते फाटकाशी दुसऱ्याचे होतात, हे बाबांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात कोळशाची गाडी आली. एका डब्यावर तो शेपटीवाला ‘ब’ होता. फाटक उघडलं, डबा आत गेला, फाटक लागलं. मला त्या पहारेकऱ्याचा अजून राग येतो. तो नियमानं वागला, तरी येतो.

आईनं किती मनधरणी केली, "चौपाटीवर चला, समुद्र तिथंही हाय." बाबा म्हणाले, "मले तो नाही पाहाचा."

परतल्यावर आईनं घागरींची थट्टा पुन्हा कधी केली नाही. तिनं ती करावी असं मला फार वाटायचं.

पुढं एकदा माझ्या धाकट्या बहिणीनं धक्क्यावरची कोळशाची गाडी पाहून नेहमीसारखं विचारलं, "बाबा, हे कुठं चालली?"

बाबांनी बिनशेपटीचा ‘ब’ लिहिला. म्हणाले, "फाटकापर्यंत."