डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, चावीवाल्याच्या दुकानाला लागून, एक दहा बाय बाराची खोली आहे. तिथे गाडी शिकवण्याचा क्लास चालतो. क्लासच्या मालकांना सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. शिकवताना ते शेजारच्या सीटवर बसतात आणि त्यांच्या पायाशी ब्रेकचं आणखी एक पॅडल असतं, त्यावरून हे नाव पडलं. ते दुकानात रांगेत उभे असले तरी त्यांचा उजवा पाय किंचित पुढे असतो, असं चावीवाला म्हणतो. मी पाहिलं आहे, खरंच असतो.

मी वरच्या मजल्यावर राहतो. निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्याकडे शिकलो, त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं मास्तरीणबाईंनी सांगितलं. त्या कपडे उसवून, आखूड करून देण्याचं काम करतात. गोष्टही थोडी आखूड करूनच सांगतात.

मास्तरांची गाडी एकोणीस वर्षांची होती. पांढरी, चार दारांची, छपरावर क्लासच्या नावाची पाटी. फार वर्षांपूर्वी तिला मागून ट्रकने धक्का दिला होता. तेव्हापासून ती डावीकडे ओढायची. चाकं दोनदा सरळ करून घेतली, पण मूळ सांगाडाच जरासा वाकला होता, त्याला इलाज नव्हता. स्टीअरिंग सतत बोटभर उजवीकडे धरून ठेवलं की गाडी सरळ जायची. क्लच पार वर आल्याशिवाय पकडायचा नाही. तोपर्यंत पाय बिनधास्त उचलायचा, आणि अगदी शेवटी सावकाश सोडायचा. मास्तर स्वतः नाकासमोर चालणारा माणूस. गाडी मात्र अशी.

त्यांना हे दोष वाटत नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की अवघड गाडीवर हात बसला की सोपी गाडी आपोआप येते. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल. आणि निकाल त्यांच्या बाजूने होता. खोलीच्या दारावर लाल रंगात लिहिलं होतं : पहिल्या परीक्षेत पास, १०० टक्के. ही थाप नव्हती. त्यांच्याकडचं कुणी नापास झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

परीक्षा असते ती वाहन कार्यालयाच्या मैदानावर. गाडी क्लासचीच न्यायची. इंग्रजी आठचा आकडा, चढावर थांबून पुन्हा निघणं, आणि दोन खांबांमध्ये उलटी गाडी लावणं. त्यासाठी मास्तरांच्या गाडीवर खुणा होत्या. मागच्या काचेवरचा चरा डाव्या खांबाच्या रेषेत आला की स्टीअरिंग पूर्ण फिरवायचं. आरशाखालचा काळा ठिपका पांढऱ्या पट्ट्यावर आला की सोडायचं. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झालो तो या चऱ्याच्या आणि ठिपक्याच्या जोरावर.

गाडीचं योग्यता प्रमाणपत्र संपायला दोन महिने उरले, तेव्हा मास्तर तिला मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने गाडी वर चढवली, खाली उभं राहून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"मास्तर, हिला मी आता हात लावणार नाही."

"वेल्डिंग कर की. मागे केलंस तसं."

"मागे पत्रा होता. शर्टाला ठिगळ लावता येतं हो, ठिगळाला शर्ट कसा लावू? शोरूमला द्या, बदल्यात नवी घ्या. तुमचंही वय झालं, तिचंही झालं. दोघांपैकी एकाला तरी बदला."

"मला बदलायला बायको केव्हाची तयार आहे," मास्तर म्हणाले आणि गाडी तशीच घेऊन परत आले.

पुढचे दोन आठवडे ते दुसरा मिस्त्री शोधत होते. एक मिळाला. आख्खी तळाची बाजू बदलून देतो म्हणाला, खर्च नव्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास. मास्तरांचा कल तिकडेच होता. मला म्हणाले, "नव्या गाडीवर कुणीही शिकवेल. माझा निकाल या गाडीमुळे आहे." यातलं दुसरं वाक्य किती खरं होतं ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात नर्सबाई आल्या. मागच्या वर्षी मास्तरांकडे शिकून पास झालेल्या. त्यांनी नवी कोरी निळी गाडी घेतली होती आणि ती क्लाससमोर उभी करताना दोनदा बंद पडली होती.

"मास्तर, तुमच्या गाडीवर मी किती छान चालवायचे! ही गाडीच खराब निघाली बहुतेक. कंपनीवाले म्हणतात काही दोष नाही. जरा बसून बघता का?"

मास्तर शेजारी बसले. मलाही मागे बसवलं. मागे कुणी असलं की चालवणारा जपून चालवतो, असं त्यांचं मत. बाईंनी क्लच सोडला तो झटक्यात, अगदी वरपर्यंत. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. तिसऱ्या प्रयत्नात निघाली. मोठ्या रस्त्यावर आल्यावर ती हळूहळू उजवीकडे सरकायला लागली, दुभाजकाच्या दिशेने. मास्तरांचा पाय खाली आपटला. तिथे पॅडल नव्हतं.

"सरळ, सरळ!"

"सरळच आहे की!"

पुढचं चाक दुभाजकाला घासलं आणि गाडी थांबली. मास्तर बाईंच्या हातांकडे बघत होते. हात बोटभर उजवीकडे होते.

"स्टीअरिंग असं का धरलंय?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

परत येताना मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ती न्यायला बाईंना घरच्या कुणाला तरी बोलवायला लावलं आणि आम्ही दोघं उतरून चालत आलो. दारापाशी आल्यावर मास्तर मला म्हणाले, "गाडीत काही दोष नव्हता."

त्यानंतर त्यांनी एक काम केलं, जे मी त्यांच्या जागी केलं नसतं. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर काढले आणि एकेकाला फोन करून विचारलं, गाडी चालवता का? शिंप्याने सांगितलं, वेळ मिळत नाही. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, रस्त्यावर फार गर्दी असते. एका शिक्षकाने प्रेमाने सांगितलं, "तुमची गाडी द्या मास्तर, आत्ता चालवतो!" चौदा जणांना फोन झाले. पाच जण चालवत होते. त्या पाचांपैकी तिघे नंतर दुसरीकडे पुन्हा शिकले होते आणि ही गोष्ट त्यांनी मास्तरांना संकोचाने सांगितली.

मला त्यांनी जिन्यात गाठलं.

"तुमच्याकडे गाडी नाही, म्हणून तुम्हाला धरलं नाही."

"मुलाची आहे," मी म्हणालो.

"मग?"

"एकदा घेतली होती. फाटकाला लागली."

"बोलला नाहीत कधी."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते खाली गेले.

रविवारी ते मास्तरीणबाईंना घेऊन शोरूमला गेले. तिथल्या तरुण पोरीने नवी गाडी चालवून बघायला दिली आणि स्वतः मागे बसली. एकोणीस वर्षं तेच एक वाहन चालवलेले मास्तर ड्रायव्हरच्या जागी बसले, क्लच सोडला, आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"सर, आपण शिकवता ना?" पोरीने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, पण मास्तरीणबाईंना हसू आवरेना.

रस्त्यावर आल्यावर बाईच ओरडल्या, "अहो, उजवीकडे कुठे चाललात?"

"कुठे चाललोय?"

"दुभाजकावर! पंधरा वर्षांपूर्वी मी हेच सांगत होते. तीन दिवस शिकवलंत मला, आठवतंय? मी म्हटलं, तुमची गाडी वाकडी आहे. तुम्ही म्हणालात, गाडी नाही, तुझा हात वाकडा आहे. त्या दिवशी मी सोडलं."

"सवय होईल सर," मागून पोरगी म्हणाली.

"झालीय ना," मास्तर म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

गाडी बदलायची हे तिथेच ठरलं, असं मास्तरीणबाई म्हणतात. पण मला वाटतं खरं ठरलं ते त्यानंतर चार दिवसांनी. स्टेशनपलीकडे दुसरा एक क्लास आहे, त्याचा मालक आला. शोरूम देत होती त्याच्या दुप्पट द्यायला तयार होता. तळाचा पत्रा आपण बघून घेऊ म्हणाला.

"खुणांसकट द्या फक्त. तो चरा, तो ठिपका, सगळं माहीत आहे मला. मैदानावर बघतो ना मी. तुमची गाडी म्हणजे परीक्षेची किल्ली आहे, मास्तर."

मास्तरांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचार करतो म्हणून सांगितलं. मग शोरूमला फोन लावला आणि जुन्या गाडीचं पुढे काय करता एवढंच विचारलं. ती तोडायला जाईल, म्हणाले. मास्तर म्हणाले, "मग घेऊन जा."

मास्तरीणबाईंना ही गोष्ट नंतर कळली. एरवी बटण हरवलं तरी शोधायला लावणाऱ्या बाई त्या दिवशी फक्त म्हणाल्या, "दुप्पट होते ना?" मास्तर हो म्हणाले. बाईंनी शिवणाचं मशीन पुन्हा सुरू केलं.

नवी गाडी आली. दारावरची लाल अक्षरं मास्तरांनी थिनर लावून पुसली. शंभरातलं एक शून्य काही केल्या जाईना, त्यावर कॅलेंडर लावलं. शेजारी एक कागद चिकटवला : इथे शिकून लायसन्स मिळालं, पण गाडी चालवत नाही, अशांनी चार दिवस यावं. फी नाही. स्वतःची गाडी असल्यास तीच आणावी. चावीवाला म्हणाला, "मास्तर, हे म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासणं झालं." मास्तर म्हणाले, "वाचता येतंय ना नीट? मग झालं."

नर्सबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. महिन्याभरात अकरा जण आले. मीही गेलो, माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मुलाचं फाटक पुन्हा रंगवावं लागलं नाही.

पण कागद लावण्याआधी आठवडाभर मास्तर रोज सकाळी बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात स्वतः शिकत होते. शेजारच्या सीटवर मास्तरीणबाई. "सरळ", "उजवीकडे जाताय", "आता बरोबर", एवढंच त्या बोलायच्या. तुला गाडी येत नाही तर तुला कसं कळतं, असं मास्तरांनी एकदा चिडून विचारलं. बाई म्हणाल्या, "येत नाही म्हणूनच दिसतं." आठवडा संपल्यावर त्यांनी मास्तरांना उठवलं आणि स्वतः त्या जागी बसल्या.

शिकवण्याची पद्धत मास्तरांनी बदलली. नव्या गाडीवर खुणा नाहीत. एका विद्यार्थ्याने मागच्या काचेवर गुपचूप टिकलीएवढा कागद चिकटवला होता, तो मास्तरांनी नखाने खरवडून काढला. शेवटचे चार धडे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवर होतात. विद्यार्थ्याने घरची आणायची, नाहीतर ओळखीच्या कुणाची. त्या गाड्यांना शेजारी ब्रेक नसतो. त्या दिवसांत मास्तर घरी आले की त्यांची पोटरी भरून आलेली असते.

त्या वर्षी त्यांच्याकडचे तीन जण परीक्षेत नापास झाले. तिसऱ्या मास्तरीणबाई.

मी त्या दिवशी मैदानावर होतो. आठचा आकडा त्यांनी चांगला काढला, चढावर गाडी जराही मागे गेली नाही. उलटी लावताना मागचा कोपरा खांबाला टेकला आणि खांब पडला. परीक्षकाने कागदावर खूण केली. स्टेशनपलीकडच्या क्लासचा मालक झाडाखाली उभा होता. तो म्हणाला, "काय मास्तर, घरचीच विकेट गेली?"

"गेली," मास्तर म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत बसेल."

बाईंचा धाकटा भाऊ परीक्षा बघायला स्वतःच्या गाडीने आला होता. लांबलचक, जड गाडी; बाईंनी ती कधी चालवली नव्हती. नवी गाडी पुढच्या दोन विद्यार्थ्यांसाठी मैदानावरच ठेवायची होती. बाई भावासमोर गेल्या आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

"ताई, तू आत्ता नापास झालीस."

"मग? घरी जायचं नाही का?"

भावाने मास्तरांकडे पाहिलं. "भाऊजी, काय करू?"

"शिकाऊ लायसन्स आहे तिच्याकडे. मी बसतो शेजारी," मास्तर म्हणाले. "विद्यार्थ्यांच्या वेळेला परत येतो. तू मागे बस, गप्प बस."

मीही मागे बसलो. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, क्लच एकदा पूर्ण दाबून सावकाश सोडून पाहिला, कुठे पकडतो ते समजून घेतलं, आणि गाडी फाटकाबाहेर काढली. बाजारातून आलो. हातगाड्या होत्या, एक रिकामी बस वाकडी उभी होती, शाळा सुटली होती. गाडी एकदाही बंद पडली नाही. भाऊ दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. इमारतीपाशी आल्यावर बाईंनी दोन उभ्या गाड्यांच्या मधे ती जड गाडी उलटी लावली, पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला.

मास्तर उतरले, मागे जाऊन दोन्ही गाड्यांमधलं अंतर हाताने मोजलं, आणि परत मैदानावर जायला रिक्षा शोधायला लागले.