मंजूच्या केबिनमधला दुसरा बर्थ

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... वाचायचं आणि पान उलटून झोपायचं. माझी सगळी नोकरी रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या टाइम ऑफिसात गेली. माणूस गेटातून आत आला की नोंद, बाहेर गेला की नोंद. आत किंवा बाहेर, यापलीकडे माणसाला तिसरी अवस्था असते यावर माझा विश्वास नव्हता. आता गुडघे गेलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा हिशोब लागत नाही. ती सांगून मोकळा होतो.

आमचं मूळ गाव पेणच्या खाडीपट्ट्यातलं. वडील मिठागरात कामाला. मी आणि माझी धाकटी बहीण हिरा बांधावर बसून धरमतरच्या खाडीतून जाणारे मोठे बार्ज बघायचो. मला वाटायचं, यात किती मीठ मावेल. हिराचा प्रश्न दरवेळी एकच, "दादा, त्याच्यात निजायला जागा असंल काय रं?" पाण्यावर निजायचं, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून. मी म्हणायचो, मोठा झालो की नेतो तुला. मोठा झालो, नोकरीला लागलो, आणि मग दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत राहिलो. कधी रजा नाही, कधी माझ्या जागी बसायला रिलिव्हर नाही. माझ्या रजा सगळ्या शिल्लक राहिल्या... हिरा राहिली नाही.

तिचं लग्न जोह्याला झालं, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेल्या घरात. आपल्याकडे सासरी नाव बदलतात, तशी हिराची संगीता झाली. रेशन कार्ड, मतदार यादी, सगळीकडे संगीता. जोह्यात तिला हिरा म्हणून कोणी ओळखतही नव्हतं. हिरा म्हणणारा मी एकटा उरलो होतो.

चाळिसाव्या वर्षी ती गेली. अलिबागच्या हॉस्पिटलात आदल्या आठवड्यात मला म्हणाली, "मी काय आता बोटीत बसत नाय दादा. मंजूला बसव." मंजू तिची मुलगी. बसवतो म्हटलं. ती गेली त्या दिवशी सकाळी निरोप आला होता, पण माझा रिलिव्हर आला नव्हता. ऑफिसातला एक जण म्हणाला, तुम्ही निघा, संध्याकाळी तुमचं कार्ड मी पंच करतो. मी नाही म्हटलं. चोवीस वर्षांत खोटी नोंद केली नव्हती ना! दोन वाजता सुटलो, पोचलो तेव्हा तोंड झाकलेलं होतं. या गोष्टीबद्दल मला आजवर कोणी एका शब्दाने बोललेलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

मंजू तेव्हा सतरा वर्षांची. आई गेल्यापासून तिला एकटीला झोप येत नसे. आजीला चिकटून पडायची, तरी पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे. आणि दिवसा त्याच डोळ्यांनी गणपतीची आखणी करायची. मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. दोन वर्षांत पोर सुकून गेली होती.

मग ९७च्या हिवाळ्यात कळलं की मुंबईहून गोव्याला केबिनवाली बोट सुरू झालीय. संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी दुपारी गोवा. पेणला एसटी स्टँडजवळ दिलीपचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, झेरॉक्स मशीन आणि एसटीडीचा बूथ. मी, माझी बायको शुभा आणि मंजू अशी तीन नावं दिली. केबिन दोन माणसांची. दिलीप म्हणाला, "काका, नियम आहे. एकवीसच्या आतलं कोणी केबिनमध्ये एकटं राहू शकत नाही. पोरगी एकोणीसची, तिच्यासोबत काकी. तुम्ही शेजारच्या केबिनमध्ये एकटे." मी म्हटलं, बरं झालं, घोरल्याबद्दल बोलणी खायला नकोत.

निघायला दहा दिवस होते आणि शुभाचा रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या बाजारात पाय घसरला. प्लॅस्टर. दिलीपला फोन केला, तर तो म्हणाला शनिवारपर्यंत दुसरी बाई शोधा, नाहीतर पोरीची केबिन कॅन्सल. मंजूला माझ्या केबिनमध्ये घेता आलं असतं, पण तिची आजी ऐकेना. "लग्नाची पोर हाय. मामा झाला तरी बाप्याच हाय ना?" मग मी मेव्हणीला विचारलं, शेजारच्या वहिनींना विचारलं. नवऱ्याबरोबर अमेरिकेला जायला तयार असलेल्या बायका गोव्याच्या बोटीला "समुद्रात? नाय बा!" म्हणाल्या. हिराचा नवरा मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता दादा. तुमी केलात तेवढा लय झाला." मंजू समोरच बसली होती. तिने ब्रश धुतला आणि पुढची मूर्ती ओढली.

शनिवारी मी कॅन्सल करायला पेणला गेलो. वडखळ नाक्यावर पाऊण तास गाडी अडकली. दिलीपच्या ऑफिसात पोचलो तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं.

"कॅन्सल कशाला काका?" तो म्हणाला. "तुमच्या बहीण सकाळीच येऊन नाव देऊन गेल्या. चार्ट फॅक्ससुद्धा केला मी."

मी म्हटलं, कुठली बहीण?

त्याने फॉर्म काढला. मंजूच्या नावाखाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं — हिरा गोविंद पाटील, वय ४०.

गोविंद आमचे वडील. हे तिचं माहेरचं नाव, चौथीच्या दाखल्यावरचं. तो दाखला वडिलांच्या पेटीत पुरात भिजून कधीच गेला होता.

"ठेंगण्याशा आहेत ना?" दिलीप सांगत होता. "म्हणाल्या, पोरीबरोबर मी हाय, लिव. वय विचारलं तर हसल्या. चाळीसच लिव म्हणे, त्याच्या फुडं काय जात नाय. सही करा म्हटलं तर हात शाडूनं भरलेले, म्हणून अंगठा घेतला."

नावासमोर शाडूच्या मातीचा अंगठा होता. वाळून करडा झालेला. मी बोट लावलं तर थोडी माती निघाली.

तेव्हाही माझं डोकं टाइम ऑफिसचंच. पेण तालुक्यात शाडूने भरलेला हात म्हणजे काय पुरावा झाला? निम्म्या गावांच्या बायकांचे हात तसेच. कोणीतरी थट्टा केली असेल... पण माझ्या मेलेल्या बहिणीची थट्टा कोण करील? तसाच जोह्याला गेलो. मंजू सकाळपासून कारखान्यातून हलली नव्हती, चार माणसं साक्षीला होती. आईचं माहेरचं नाव तिला ठाऊक होतं, कारण मी हाक मारायचो. तिच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "हिरा? ती कोण?" लग्नात तांदळात लिहिलेलं नाव सोडून दुसरं त्यांना कधी लागलंच नव्हतं.

नाव काढलं तर मंजूची केबिन जाणार. मी ते काढलं नाही. बोटीवर चढताना सांगू की तिसरी बाई येऊ शकली नाही, मग आत घेतील तर घेतील. खरं सांगायचं तर वाद घालायचाच कंटाळा आला होता मला. सगळ्याचाच आला होता.

मुंबईला धक्क्यावर युनिफॉर्ममधली एक बाई यादी घेऊन उभी होती. मी म्हटलं, मॅडम, आमच्यातली एक व्यक्ती...

"हो, त्या वर गेल्या मघाशीच," तिने यादीवर टिक दाखवली. "तुम्ही दोघं राहिलात."

मागून लोक ढकलत होते. मंजूने माझा हात धरला आणि आम्ही चढलो. तिची केबिन उघडून पाहिली. खाली-वर दोन बर्थ, कोणी नाही. मी म्हटलं, मी इथे स्टुलावर बसतो रात्रभर. मंजू म्हणाली, "नको मामा. तू जा, नीज." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला जांभई देताना पाहिलं.

सकाळी आठ वाजले तरी तिचं दार बंद. माझा जीव टांगणीला लागला. दार वाजवून वाजवून शेवटी तिने उघडलं, गालावर उशीचे वळ, डोळे झोपेने सुजलेले. म्हणाली, "लय झोप लागली." वरच्या बर्थकडे पाहिलं. चादर विस्कटलेली होती, उशीला खळगा.

"तू वर झोपली होतीस?"

"नाय, खाली." मग केस बांधत, "वर कोणतरी होता मामा. कूस बदलली का आवाज यायचा. मी वाकून नाय बघितला. बघावासाच नाय वाटला. भीती पण नाय वाटली."

मी केबिनच्या दारात उभा राहून रडलो. बासष्ट किलोचा, मिशीवाला माणूस, येणारे-जाणारे बघतायत... पण रडलो.

खरी पंचाईत गोव्याला उतरताना झाली. बोट रिकामी होताना प्रत्येकाच्या नावापुढे उतरल्याची सही घेत होते. आमच्या दोघांच्या झाल्या आणि अधिकाऱ्याने अडवलं. "तिसऱ्या बाई कुठायत?" मग शोधाशोध. संडास, डेक, किचन, सगळं. पाण्यात पडली की काय म्हणून वायरलेसवर बोलणं सुरू झालं, पोलिसांचं नाव निघालं. भर उन्हात दीड तास आम्ही बाकावर बसलेले.

शेवटी तो अधिकारी माझ्यासमोर येऊन बसला. तोही दमला होता. "खरं सांगा. तुमची बहीण कुठे आहे?"

"वारली," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली." तोवर हा शब्द मी तोंडाने उच्चारला नव्हता. लोकांना 'ती गेली' एवढंच सांगायचो.

त्याने यादीवरची टिक पाहिली. "मग चढलं कोण?"

मी दिलीपच्या ऑफिसातल्या बाईपासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, यादीवरची टिक पुन्हा पाहिली. मग यादी माझ्याकडे सरकवली. "चढल्याची नोंद आहे. उतरल्याची नसेल तर मला बोट सोडता येणार नाही. तुम्ही नातेवाईक आहात. सही करा, मी समोरच उतरताना पाहिलं म्हणून."

पेन हातात घेतलं तेव्हा मंजू हळूच म्हणाली, "मामा, नको ना लिवू. आता कुठं तिला निजायला मिळालाय."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. नाव लिहिलं — हिरा गोविंद पाटील. उतरली, वेळ १.४०. खाली माझी सही.

आम्ही एसटीने परत आलो. मंजूला पुढे झोप येऊ लागली. वर्षभरात लग्न झालं, आता तिची मुलगी एकोणीसची आहे. ती बोट एक सीझन चालून बंद पडली, पुढे कुठे गेली कळलं नाही. दिलीपने फॉर्म मला देऊन टाकला होता. कपाटात आहे, पण अंगठ्याची माती झडून गेलीय, नुसता डाग राहिलाय.

कोणाला उलगडा सुचत असेल तर जरूर लिहा, मला सापडलेला नाही. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, या माणसाने आयुष्यात एक खोटी नोंद केली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण मला एक तरी अशी नोंद माहीत आहे, जी खरी की खोटी हे मलाच ठाऊक नाही. ज्या दिवशी खोटी नोंद चालली असती त्या दिवशी मी केली नाही. आणि हिरा कदाचित अजून निजलेली असताना, मी मात्र तिला उतरवून मोकळा झालो.