पोपटी साडीला चिकटलेला गोळा

रोहण्याच्या शकुंतलाबाईंना उष्ट्याची भारी किळस. पंगतीतसुद्धा त्या पाणी वरूनच पिणार, आणि कुणी तांब्याला ओठ लावला तर तो राखेनं घासल्याशिवाय घरात घेणार नाहीत. अशा बाईच्या नशिबी नवरा आला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा! प्रेमदासनं उभा जन्म अंगणाची भिंत लाल केली आणि बाईंनी नाकाला पदर लावून ती धुतली.

गेल्या दिवाळीत त्याचं तोंड उघडेनासं झालं. भाजीचं तिखट लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडात तीन बोटं जायला पाहिजेत, तुमच्या दोनच जातात. खर्रा सुटला नाही तर कॅन्सर ठेवलेला. प्रेमदासनं लेकीच्या, आचलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि खर्र्याऐवजी च्युइंगम धरलं. दिवसभर नुसतं रवंथ. बाईंना बघवायचं नाही, पण त्या तोंड फिरवून कामाला लागायच्या. माणूस तर वाचत होता!

परवा भाच्याच्या साक्षगंधाला निघताना बाई पोपटी साडी नेसून क्षणभर दिवाणावर टेकल्या. उठल्या तर मागे ही लांब तार. नवऱ्यानं तोंडातला गोळा दिवाणाच्या काठाला लावून ठेवला होता, जेवणानंतर पुन्हा चघळायला!

"लाज नाई वाटत? थुकीचा गोळा बसायच्या जागी चिकटवून राह्यले!"

"भुललो ना वो," म्हणत प्रेमदास अंगणात सटकला.

उष्टं म्हटलं की उकळतं पाणी, हा बाईंच्या घरचा कायदा. साडी बदलून त्यांनी डागावर कढत पाणी ओतलं. झालं! गोळा कडेकडेनं पसरून सुतासुतात शिरला. शेवटी त्यांनी आचलला फोन लावला. ती सावंगीला नर्सिंग शिकते.

"आई, गरम पाणी काऊन टाकलं? साडी फ्रिजमध्ये ठेव, नाईतर बर्फ लाव. कडक झालं का हळू खरवडजो."

फ्रिजमध्ये दुधाशेजारी ती घाण ठेवायची? ते शक्यच नव्हतं. त्यांनी बर्फच पिशवीत भरून बाहेर आणला, डागावर दाबून धरला आणि एक जुना चमचा घेतला. तो परत स्वयंपाकघरात जाणार नव्हता. गोळा दगडासारखा झाला, कटकन फुटला. आत सुपारीचे बारीक तपकिरी तुकडे होते. बाईंनी नाक जवळ नेलं. पुदिन्याच्या वासाखाली तंबाखू-चुन्याचा तोच जुना भपकारा.

म्हणजे च्युइंगम नुसतं वास लपवायला! जित्याची खोड, दुसरं काय. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि लगेच डॉक्टरांची ती तीन बोटं आठवली.

त्या तशाच अंगणात गेल्या.

"तोंड उघडा."

"काऊन?"

"उघडा म्हणतो ना!"

त्यांनी आपली बोटं त्याच्या तोंडात घातली. लाळ मनगटापर्यंत आली, तरी बाईंनी हात मागे घेतला नाही. एक बोट गेलं. दुसरं काही केल्या शिरेना.