दुपारी बंद असणारी देवळं

दहाव्याला कावळा लगेच शिवला. घाटावरून परतलेल्या आमच्या चुलतभावाच्या मुलाने ओसरीत पाय धुता धुताच सांगितलं, "आत्या, अण्णांची काही इच्छा राहिली नव्हती बघ." मग तेराव्यापर्यंत येईल तो हेच बोलून गेला. मास्तर तृप्त गेले, सगळं झालं त्यांचं... मी मान हलवत होते आणि लाजेने जमिनीकडे बघत होते. कावळ्याला काय कळतंय कप्पाळ! माझ्या थोरल्या भावाला विलायतेला जायचं होतं, आणि ते का राहिलं हे या घरात एकटी मी जाणते.

अण्णा बेळगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. वहिनी लवकर गेली, दुसरं लग्न त्याने केलं नाही. माझा नवरा वारला तेव्हा निपाणीला येऊन मला ट्रंकेसकट घेऊन आला आणि म्हणाला, "शांते, रडायचं ते टांग्यात रडून घे. घरात गेल्या गेल्या मला चहा लागतो." असा माणूस! कॅम्पातला कुणी गोरा साहेब बदलून चालला की त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा. तिथून त्याने इंग्लंडातल्या जुन्या गावांचं एक पुस्तक आणलं. निम्मी पानं वाळवीने खाल्लेली, नकाशे मात्र शाबूत. रविवारी जेवणं झाली की सतरंजीवर ते पसरायचं. लंडन-बिंडन नको, म्हणायचा. मोठमोठी कॅथीड्रलं असलेली लहान गावं बघायची, त्यांचे आठवड्याचे बाजार हिंडायचे, आणि घाई अजिबात न्हाय. एकेका गावात मन भरेपर्यंत राहायचं. "दोघांनी?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो खेकसला, "मग काय तुझी ट्रंक एकटी धाडू?" विधवा बहिणीला घेऊन समुद्र ओलांडणार म्हटल्यावर निपाणीची मंडळी काय काय बोलली! अण्णाने ढिम्म लक्ष दिलं नाही. मी भाजणी किती न्यायची ते ठरवत बसले, आणि तिथल्या बाजारात कोथिंबीर मिळते का म्हणून त्याला भंडावून सोडलं.

नकाशात बहुतेक प्रत्येक कॅथीड्रलाशेजारी एक शब्द छापलेला होता, क्लोज. अण्णा हसून म्हणाला, "बघ गं, ह्यांचा देवबी दुपारचा झोपतो. आपल्यासारखीच देवळं बंद ठेवतात." मला तर फारच बरं वाटलं. परका देश एकदम ओळखीचा झाला. मग सगळा बेत त्यावरच बसवला. सकाळी देऊळ, दुपारी देव झोपला की बाजार, दिवेलागणीला पुन्हा देऊळ. अवघड शब्द असता तर अण्णाने डिक्शनरी काढली असती. एवढ्या सोप्या शब्दासाठी कोण काढतो?

पासपोर्टाचे कागद आले त्याच सुमाराला त्याचा एक जुना विद्यार्थी बॅरिस्टर होऊन परतला. अण्णाने त्याला कौतुकाने फराळाला बोलावलं, शाळेतले दोघेतिघे मास्तरही आले. मी पोहे घेऊन दारात उभी. अण्णाने बेत वाचून दाखवला, देव दुपारी झोपतो तेही सांगितलं. बॅरिस्टर आधी गोंधळला, मग असा हसला की त्याला बशी खाली ठेवावी लागली. "सर, क्लोज म्हणजे बंद नव्हे हो! कॅथीड्रलाभोवतीचं आवार ते. पाद्री लोकांची घरं असतात तिथं. आणि म्हणायचं क्लोस." मास्तर मंडळी हसली. सगळ्यांत मोठ्याने अण्णा हसला. पण त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि ते मला दारातून दिसत होते. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

गोष्ट शाळेत पोचायला कितीसा वेळ! पोरांनी त्याचं नावच 'क्लोज मास्तर' ठेवलं. तो फळ्याकडे वळला की मागून हळूच घोरण्याचा आवाज. अण्णाने कुणाला छडी मारली नाही. त्याने इंग्रजीचे वरचे वर्ग सोडले आणि खालच्या पोरांना भूगोल शिकवायला लागला. जातीला आणि भाऊबंदांना न भ्यालेला माणूस पोरांच्या घोरण्याला भ्याला! मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, हसले तर हसले. तू तिकिटं काढ." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शांते, जन्मभर मी त्यांची भाषा शिकवली गं. तिथं जाऊन तोंड उघडलं, आणि टांगेवालाबी हसला तर?... मग मी इतकी वर्षं पोरांना काय शिकवलं?" पुढे लढाई लागली, बोटी बंद झाल्या. ती बातमी वाचून अण्णाने सुटल्यासारखं हुश्श केलेलं मी पाहिलं. मला त्याची लाज वाटली, आणि फार कीवही आली.

शेवटच्या आजारात एकदा मी त्याला पेज भरवत होते. मध्येच त्याने माझा हात धरला. "तुला जायचं होतं का गं?"

इतक्या वर्षांत हे त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे असे काही झाले होते, की खरं सांगायचं धाडसच होईना.

"छे रे! मला कसली विलायत," मी म्हटलं. "बोटीच्या नावानंच मळमळतं मला. तुझ्यासाठी व्हय व्हय म्हणत होते."

"व्हय?" त्याचा चेहरा सैल झाला. "लई बरं झालं मग." आणि उरलेली पेज निमूट प्याला.

आता रोज सकाळी मी त्याच्या खोलीत केर काढायला जाते. गादी गुंडाळून ठेवली आहे, खिडकीपाशी त्याची आरामखुर्ची तशीच आहे. ती सरकवते, खालचा केर काढते, परत जागेवर ठेवते. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्या खुर्चीला सांगते, "जायचं होतं रे अण्णा. मला लई जायचं होतं."