थेंब फाटला नाही तेव्हा

आज सकाळी गॅसवर दूध फाटलं आणि त्या आंबूस वासानं मला यवतच्या छोट्या लॅबमध्ये नेऊन उभं केलं. एका आबांची बाळंतीण सून तापानं फणफणली होती आणि तिच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला की वाढणारं सुजेचं प्रोटीन आहे का, ते मी तपासत होतो. काळ्या स्लाइडवर तिच्या सिरमचा, म्हणजे रक्तावरच्या निवळीचा थेंब, त्यात अँटिबॉडी लावलेल्या कणांचा दुधासारखा थेंब कालवून स्लाइड हलवत राहिलो. अँटिबॉडीला प्रोटीन सापडलं की कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात. इथं एकही होईना. आबा वाकून बघत म्हणाले, "दूध न्हाई फाटलं, म्हंजी बरं हाय नव्हं? घरी नेऊ तिला?" बाहेर बाकावर ती थरथर कापत होती. "थांबा आबा," मी म्हणालो. प्रोटीन अतोनात असलं तर प्रत्येक अँटिबॉडीचे हात आधीच भरतात, दुसऱ्या कणाला जोडायला हात उरत नाही. सिरम सलाईननं पातळ करून पुन्हा स्लाइड हलवली, आणि रव्यासारखे दाणे उमटले. "फाटलं की वो!" म्हणत आबा पुण्याची जीप अडवायला हायवेकडं धावले. सून वाचली, हे त्यांनीच नंतर पेढे आणून सांगितलं. दूध फाटलं की बायको अजून हळहळते. माझा मात्र जीव भांड्यात पडतो.